हिराबाईचा पेला

सह्याद्रीच्या धारेवर माणूस केवळ अनुभवाच्या बळावर चालतो. हे वाक्य मी वीसेक वर्षं दर मोसमात नव्या माणसांसमोर म्हणत आलो. म्हणण्याआधी थोडं थांबायचो आणि म्हणताना लांब डोंगराकडे बघायचो. ऐकणारे मान डोलवायचे. एका बँक मॅनेजरने तर ते डायरीत उतरवून खाली माझं नाव आणि तारीख घातली होती. मग कुणीतरी विचारायचंच, की अमक्याला अनुभव आहे आणि तमक्याला नाही, हे ओळखायचं कसं? त्यासाठी आमच्याकडे एक शास्त्रशुद्ध साधन होतं. ते हिराबाईच्या घरात चुलीवरच्या फळीवर पालथं घातलेलं असायचं.

आधी धंद्याबद्दल सांगतो. मी डोंगरात माणसं नेतो आणि परत आणतो. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. पनवेलमधून दिसणाऱ्या डोंगररांगेत बोडकी नावाची एक धार आहे. नेमकी कुठे ते सांगणार नाही, कारण मागे एका धबधब्याचा पत्ता मी असाच सांगितला होता आणि आता तिथे मॅगीच्या चार टपऱ्या आहेत. धार म्हणजे डोंगराचा कणा. दोन्ही बाजूंनी उतार तुटत गेलेला, मधे चालायला जेमतेम जागा, आणि त्या जागेवर गवत, सुटे दगड आणि कारवीची झुडपं. किल्ल्याला पायऱ्या असतात, वर देऊळ असतं, भजी असतात. धारेवर यातलं काही नाही. पायवाटही नाही, कारण गावातल्या शहाण्या माणसाला तिथे काही काम नाही. "जथं वाटच नाय तथं वाटाड्या कशाला रं?" असं माझ्या आईने मी नोकरी सोडली तेव्हा विचारलं होतं.

ती नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात, वजनकाट्यावर होती. भरलेला ट्रक काट्यावर येतो, मग रिकामा ट्रक काट्यावर येतो, आणि दोन्हींतला फरक म्हणजे माल. अकरा वर्षं मी एवढंच केलं. पुढे माणसांच्या बाबतीत हे शिक्षण फार उपयोगी पडलं. सकाळी सहा वाजता स्वतःबद्दल सांगतो तो भरलेला माणूस आणि दुपारी बारा वाजता धारेवर दिसतो तो रिकामा.

बोडकीसाठी आम्ही फक्त अनुभवी माणसं घ्यायचो. त्यासाठी मोबाईलवर एक फॉर्म होता आणि त्यात 'पूर्वानुभव' असा रकाना. तो रकाना मी फावल्या वेळात करमणूक म्हणून वाचतो. 'भरपूर.' 'लहानपणापासून आवड.' 'मामा सैन्यात होते.' खारघरच्या एका तरुणाने आपण ज्या डोंगरांचे व्हिडिओ बघितले त्यांची यादी दिली होती, आणि ती खरोखरच मोठी होती. फॉर्मवर विसंबून माणूस निवडला तर तो अर्ध्या धारेवर खाली बसतो आणि हेलिकॉप्टरची चौकशी करतो. म्हणून पेला.

त्यामागचं शास्त्र असं. बोडकीचा मोसम दिवाळीनंतरचा. तेव्हा गवत वाळलेलं असतं, दिसायला सोनेरी आणि पायाखाली तेल लावल्यासारखं. नवखा माणूस घसरू लागला की हाताने गवत धरतो. गवत मुळासकट हातात येतं आणि माणूस गवतासकट पुढे जातो. अनुभवी माणूस गवत धरत नाही, तो पायांवर विसंबतो. हे तोंडाने कितीही सांगितलं तरी कुणाला पटत नाही. पण त्याच्या हातात चहाचा भरलेला पेला दिला, तर तो हात गवताकडे जात नाही. पायांना आपलं काम करावंच लागतं.

हिराबाईचं घर ठाकरवाडीच्या अगदी कडेला. तिच्या अंगणातून शंभरेक पावलांचा गवताळ उतार खाली कोरड्या ओहोळात जातो आणि ओहोळापलीकडून बोडकीची सोंड सुरू होते. अंगणात हिराबाई स्टीलच्या पेल्यात कोरा चहा ओतायची. खाली ओहोळात मी दगडावर बसायचो. उमेदवार पेला घेऊन उतरायचा. पेल्याच्या आत मी खिळ्याने एक रेघ ओढली होती. चहा रेघेच्या खाली गेला, की माणूस नापास. नापास झालेल्याने वर जाऊन अंगणात बसायचं आणि आम्ही संध्याकाळी परत येईपर्यंत हिराबाईची मतं ऐकायची. अधिकृत पेला एकच. तो पुढच्या उमेदवारासाठी वर नेऊन द्यायचं काम हिराबाईची सून मंजुळा करायची. ती चपला घालून तो उतार पळत चढायची आणि बोलावलं की तशीच पळत खाली यायची. तिची परीक्षा घ्यावी असं आमच्यापैकी कुणाच्या मनात कधी आलं नाही.

कसोटीचे नियम मी छापून घेतले होते. सुरुवातीला त्यात दोनच ओळी होत्या; रेघ सगळ्यांना दिसतेच, म्हणून ती लिहिली नव्हती. मग रोडपालीचे एक गृहस्थ घरून स्वतःचा पेला घेऊन आले, झाकणाचा. ते ऐटीत उतरले आणि खाली येऊन त्यांनी झाकण उघडून दाखवलं. तासभर वाद झाला. पुढच्या मोसमात नियमात 'उघडा' आणि 'हिराबाईच्या घरचा' हे शब्द आले. मग एकाने थंड चहा मागितला, म्हणून 'वाफाळता' आला. एकीने पेला दोन्ही हातांनी धरला, म्हणून 'एका हातात' आलं. कायदे कसे तयार होतात हे मला तेव्हा कळलं. कुणीतरी शहाणपणा केला की एक शब्द वाढतो.

या कसोटीचा मला अभिमान होता. इतका, की कामोठ्याच्या वैशाली मॅडमना मी दोनदा नापास केलं. त्या गणिताचे क्लास घेतात. दुसऱ्या वेळी त्यांचे तीन थेंब सांडले होते. चहा रेघेच्या केसभर खाली होता.

"सर, माझ्या क्लासमध्ये पस्तीसला पास करतात," त्या म्हणाल्या.

"मॅडम, डोंगरात शंभरातले शंभर लागतात," मी म्हणालो.

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. त्या पुन्हा आल्या नाहीत.

आता सायमन. ही कसोटी मूळ त्याची. सायमन पनवेलच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू मंडळींपैकी, सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होता, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आयुष्यभर नकाशे काढल्यामुळे नकाशावर त्याचा अजिबात विश्वास नव्हता. बोडकी आम्ही दोघांनी मिळून शोधली. शनिवारी तो घराबाहेर पडायचा नाही, म्हणून आमचे सगळे ट्रेक रविवारचे. मी भाषण करायचो आणि तो शेवटी सगळ्यांच्या मागून चालायचा. मागे राहणाऱ्याचं काम अवघड असतं. पुढच्याला फक्त डोंगर दिसतो, मागच्याला माणसं दिसतात.

म्होरक्यांनीही दर मोसमात पेला घेऊन उतरलं पाहिजे, हा नियमही सायमनचाच. "आपल्याला वेगळा कायदा लावला की आपण पुढारी झालो," असं तो म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी त्याचे हात थरथरू लागले आणि तो बोडकीला यायचा बंद झाला. डॉक्टर म्हणाले, हे हाताचं आहे, पायाला काही नाही. पण कसोटी हाताने द्यायची होती.

गेल्या वर्षी दिवाळी झाली आणि त्याने मला घरी बोलावलं. मुलगा इस्राएलमध्ये अश्दोदला आहे, आई गेल्यापासून तो सारखा 'पप्पा, या' म्हणत होता. सायमनने अखेर होकार दिला होता. डिसेंबरात जायचं, परत यायचं नाही.

"तिथे डोंगर?" मी विचारलं.

"समुद्र आहे. घर सातव्या मजल्यावर. लिफ्ट आहे." तो नव्या कवळीनिशी हसला. कवळी त्याला जरा मोठी झाली होती, त्यामुळे तो सतत खूश दिसायचा. "म्हात्रे, जायच्या आधी एकदा बोडकी करायची."

"हात?"

"हातांवर चालायचंय का?"

मी म्हणालो, नियम आहे. तो म्हणाला, नियम मीच घातलाय, मला काय सांगतोस, देतो परीक्षा. पुढच्या रविवारी आम्ही दोघेच गेलो. हिराबाईने पेला भरून त्याच्या हातात दिला. चहा त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला. त्याने अजून पाऊलही उचललं नव्हतं.

"उतार अजून लांब आहे आणि मी नापास," तो म्हणाला. हिराबाईने फडकं दिलं.

परत येताना मी गाडीत त्याला दुसरे डोंगर सुचवले. कर्नाळा. माथेरान. तो खिडकीतून बाहेर बघत होता. कळंबोलीचं सर्कल आलं तेव्हा म्हणाला, "माथेरानला घोडे आहेत. घोड्यावरून जाईन म्हणतोस?" मोसमाचा ठरलेला ट्रेक त्याच्या पुढच्या रविवारी होता आणि त्यानंतर सायमनचं विमान. त्या रविवारी जमलं नाही तर कधीच नाही, एवढा हिशेब दोघांनाही येत होता.

ट्रेकला सात जण आले. त्यांत एक कारखानीस साहेब. मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि सुट्टीच्या दिवशी 'शिखर आणि नेतृत्व' या विषयावर भाषणं देतात. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ उंची, हवेचा दाब आणि त्यांच्या हृदयाची ख्यालीखुशाली सांगायचं. फॉर्ममध्ये त्यांनी एव्हरेस्ट बेस कॅम्पचं प्रमाणपत्र जोडलं होतं. प्रामाणिकपणे सांगतो, ते आपटतील अशी मला आशा होती. ते पेला घेऊन असे उतरले, जणू थाळीत निरांजन आहे. एक थेंब सांडला नाही. "टीम, इट्स ऑल अबाउट फोकस," ते खाली येऊन बाकीच्यांना म्हणाले. त्या दिवशी सहा पास झाले आणि एक मुलगी नापास होऊन हिराबाईची मतं ऐकायला वर गेली.

सायमन पाठीवर सॅक लावून अंगणात उभा होता. मला वाटलं निरोप द्यायला आलाय. शेवटचा उमेदवार उतरल्यावर मंजुळा पेला घेऊन वर गेली. मग बघतो तर हिराबाई पुन्हा चहा ओतत होती आणि सायमन पुढे येऊन उताराच्या कडेवर उभा राहिला. त्याने पेला दोन्ही हातांनी धरला, फुंकर मारली आणि तो चहा पिऊ लागला. आम्ही सगळे खालून बघत होतो. तो सावकाश प्याला. चहा गरम होता आणि त्याला कसलीच घाई नव्हती. संपल्यावर त्याने पेला उलटा करून झटकला, एका हातात धरला आणि उतरू लागला.

मी नेहमी पेल्याकडे बघायचो. वीस वर्षं माझी नजर त्या रेघेवर होती. त्या दिवशी पेल्यात बघण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी नाइलाजाने पायांकडे बघितलं. सायमन तिरपा उतरत होता. प्रत्येक पाऊल पूर्ण टेकवायचा, त्यावर वजन द्यायचा, क्षणभर थांबायचा, मग दुसरं. एक दगड पायाखालून सुटला. त्याने तो सुटू दिला आणि दुसरी जागा घेतली. हात थरथरत होता, पण तो हात कशालाच लागत नव्हता. अडुसष्टाव्या वर्षी तो त्या सहा पास झालेल्या माणसांपेक्षा चांगला उतरला.

"हे चालणार नाही," कारखानीस साहेब म्हणाले. "म्हणजे, विथ ड्यू रिस्पेक्ट, पेला रिकामा आहे."

सायमनने खिशातून माझाच छापील कागद काढला. "वाचा. 'चहा सांडता कामा नये.' मी सांडला?"

"पण तुम्ही प्यायलात."

"पिऊ नये असं कुठे लिहिलंय?"

साहेबांनी कागद दोनदा वाचला. ते नियम मानणारे गृहस्थ होते आणि नियम सायमनच्या बाजूने होता. वरून हिराबाई ओरडली, "काय झालं? कसला वाद घालताव?"

"साहेब म्हणतात, चहा प्यायला," मी ओरडलो.

"मंग चाय कशाला आसतो?" ती म्हणाली. "सांडला नाय ना? जाव द्या त्यांना. तुमच्या भल्या भल्यांनी माजं आंगान चिकट केलंय. यो येकटाच माणूस नीट प्याला."

सगळे माझ्याकडे बघू लागले. हसण्यासारखं होतं, पण मला हसू येत नव्हतं. बोडकीवर काही झालं तर अश्दोदला फोन मला करायचा होता, आणि 'त्यांनी चहा पिऊन टाकला होता' हे सांगून भागलं नसतं. मी सायमनला बाजूला घेतलं.

"पाटावर हाताची गरज पडली तर?" पाट म्हणजे बोडकीचा सगळ्यांत अरुंद भाग. जेवायला बसायच्या पाटाएवढा रुंद, तीसेक पावलं लांब, दोन्हीकडे काही नाही.

"पाटावर हाताने धरायला काय आहे?" तो म्हणाला.

खरं होतं. मी म्हणालो, चल, पण नेहमीसारखा मागून. त्याने रिकामा पेला सॅकमध्ये टाकला, कारण तो वर न्यायला मंजुळा आता खाली नव्हती.

सोंडेवरून दोन तास नीट गेले. कारवी खांद्याएवढी होती, तिच्यातून बाजूने अंग घालत चढलो. माथ्यावर वारा लागला आणि खाली सगळं दिसायला लागलं. खाडीची चकाकी, कळंबोलीचे पत्रे, इमारतींचे ठोकळे. सायमनने थांबून आपलं घर शोधलं. सापडलं नाही, पुढे नवा टॉवर आला होता. "जायचं ठरवलं ते बरंच झालं," एवढंच म्हणाला.

पाट आला. मी आधी पार झालो, मागून पाच जण आले. सहावे कारखानीस साहेब. दहा पावलं ते उत्तम चालले. मग त्यांनी डावीकडे खाली बघितलं. खाली बघितल्यावर दरी दिसते, त्यात विशेष नाही. पण काही लोकांना ती दिसते आणि मग दुसरं काही दिसतच नाही. आम्ही त्याला दृष्टिभय म्हणतो. ते पायाला होत नाही, डोळ्याला होतं, आणि चहाच्या पेल्याने ते कळत नाही. हे मला त्या क्षणी पहिल्यांदा सुचलं.

साहेब खाली बसले, घोड्यावर बसतात तसे, आणि दोन्ही हातांनी गवत पकडलं. एक जुडी उपटून हातात आली. त्यांनी ती सोडली नाही. "मी ठीक आहे," ते म्हणाले, आणि चेहरा चुन्यासारखा झाला. माझ्याकडे दोर होता, पण दोर कशाला तरी बांधावा लागतो, आणि पाटावर गवताखेरीज काही नाही. मी त्यांच्यापर्यंत परत गेलो असतो तर त्यांनी मला मिठी मारली असती आणि दोघेही गेलो असतो. तेवढ्यात त्यांच्या मनगटावरचं घड्याळ गोड आवाजात म्हणालं, की तुमच्या हृदयाचे ठोके वाढलेले दिसतात, तुम्ही व्यायाम सुरू केला आहे का?

मागून सायमन आला. त्यांच्यापासून दोन पावलांवर तोही खाली बसला, शेजाऱ्याच्या ओट्यावर बसावं तसा. सॅक उघडली. पेला काढला, बाटली काढली आणि पेल्यात पाणी ओतलं. निम्मं पाणी साहेबांच्या पाठीवर गेलं. थरथरत्या हाताने त्याने भरलेला पेला त्यांच्या खांद्यावरून पुढे केला.

"साहेब, हा धरा."

"मला पाणी नको."

"प्यायला नाही. माझा हात हलतो, मला धरवत नाही. तुम्ही पास झालेले आहात. जरा पलीकडे नेऊन म्हात्रेला द्या. सांडू नका, रेघ आहे आत."

माणसाच्या स्वभावाचं मला नवल वाटतं. दरीत पडायला तयार असलेला माणूस परीक्षेत नापास व्हायला तयार नसतो. साहेबांनी गवत सोडलं, पेला घेतला, आत रेघ बघितली, आणि ते उभे राहिले. नजर पेल्यात. मागून सायमन हळू आवाजात सांगत होता, "उजवं पाऊल. टेका. आता डावं. पाणी बघा, पाणी." वीस पावलं. कुठल्याही गिर्यारोहण संस्थेने या पद्धतीला मान्यता दिलेली नाही आणि द्यावी असंही मी म्हणणार नाही. साहेबांनी पेला माझ्या हातात दिला आणि मग ते खाली बसले. मी पेल्यात बघितलं. पाणी रेघेच्या वर होतं.

त्यांच्या मागून सायमन पाट ओलांडून आला. हात कुठेही लावला नाही. पलीकडे पोचल्यावर त्याने माझ्याकडून पेला घेऊन परत सॅकमध्ये टाकला, एकदा मागे वळून बघितलं, बराच वेळ, आणि कवळी नीट बसवली.

खिंडीत बसून डबे उघडले. साहेबांचा रंग परत आला, त्याबरोबर नेतृत्वही. "ही कसोटी म्हणजे जबरदस्त कल्पना आहे," ते म्हणाले. "हातांना गुंतवा, म्हणजे पाय मोकळे होतात. मला हे माझ्या भाषणात वापरायचंय. कुणाची मूळ?"

"सायमनची," मी अभिमानाने म्हणालो. "बावीस वर्षांपूर्वी, आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा. मी पुढे ओहोळात उतरलो होतो. वर बघितलं तर हा भरला पेला हातात घेऊन उतरत होता. मी तिथेच ओळखलं, ही खरी परीक्षा."

सायमन पोळीचा घास चघळत होता. कवळीमुळे त्याला वेळ लागायचा. "आता जातोच आहे तर सांगून टाकतो," तो म्हणाला. "त्या दिवशी चहा गरम होता."

"म्हणजे?"

"तू दोन घोटांत प्यायलास आणि निघालास. तुला नेहमी घाई. मला गरम पिववत नाही. टाकून देणं बरं दिसेना, हिराबाई समोर उभी होती. म्हणून पेला घेऊन उतरलो. वाटेत निवेल म्हटलं."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"खाली पोचेपर्यंत तुझं शास्त्र तयार झालं होतं. तू इतका खूश होतास. मी म्हटलं, असू दे."

बावीस वर्षं. मी दुसऱ्यांच्या फुगलेल्या गोष्टींवर हसत आलो आणि माझं सगळं शास्त्र एका न निवलेल्या चहावर उभं होतं. कारखानीस साहेबांनी हे ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. त्यांच्या भाषणात आता पेल्याचं चित्र असतं, खाली लिहिलेलं असतं 'आदिवासींची प्राचीन कसोटी'.

जायच्या आधीच्या आठवड्यात सायमनकडे मलिदा होता. नवस फेडायला, प्रवासाला निघताना त्यांच्याकडे करतात. गोड पोहे, खोबरं, फळं आणि एलियाहू नबीच्या नावाने प्रार्थना. बोडकी पार पडली तर मलिदा करीन असं तो बोलला होता म्हणे. मुलाकडे जाण्यासाठी नाही, बोडकीसाठी. सामान हॉलमध्ये उघडं होतं. एका बॅगेत मोज्यांत गुंडाळलेला पेला दिसला.

"हा हिराबाईचा आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे," तो म्हणाला आणि बॅगेची चेन लावली. मग बराच वेळ आम्ही दोघेही पोह्यांविषयी बोललो.

तो गेल्यावर मी नापास केलेल्या माणसांची यादी काढली. कसोटी निकामी नव्हती, पण मी बघत होतो चहा आणि बघायला हवे होते पाय. पहिला फोन वैशाली मॅडमना लावला. माफी मागितली, चहाची हकीकत सांगितली आणि पुढच्या मोसमात विनापरीक्षा यायचं आमंत्रण दिलं.

"सर, बोडकी मी केली," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा नापास केलंत ना, त्याच्या पुढच्याच महिन्यात. हिराबाईंची मंजुळा घेऊन गेली. छान होती. चहा आम्ही परत आल्यावर प्यायलो."

आता मी वाडीच्या उतारावर माणसांना रिकाम्या हाताने उतरवतो आणि पायांकडे बघतो. पाटाच्या आधी त्यांना मंजुळाबरोबर एका कड्यावर उभं करतो आणि डोळ्यांकडे बघतो. शास्त्र म्हणून हे काही दिसायला भारी नाही, कुणी डायरीत लिहून घेत नाही. कसोटी बंद झाली हे मी हिराबाईला सांगायला गेलो, तेव्हा तिने मोजक्या शब्दांत निकाल दिला.

"बंद तं बंद. मंग माजा पेला आना."

मी सायमनला फोन लावला आणि पेला पाठवायला सांगितलं. तो म्हणाला, सध्या जमणार नाही. अश्दोदला रोज रात्री झोपताना तो त्यात कवळी ठेवतो.